ॲरन स्वार्ट्झच्या नावाने पाने मुक्त करताना

येत्या 11 जानेवारीला, ज्ञान सर्वांना खुले असावे म्हणून झटणारा अमेरिकी संगणकतज्ज्ञ ॲरन स्वार्ट्झ याच्या स्मृतिदिनी, निपाणीच्या वाचनालयात व्याख्यान ठेवावे की सभासदांनी घरची पुस्तके स्कॅन करून व्हॉट्सॲपवर वाटावीत, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दोन्ही नको. त्या दिवशी एखादे जुने मराठी पुस्तक विकिस्रोतावर, म्हणजे स्वामित्वहक्कमुक्त पुस्तकांच्या ऑनलाइन ग्रंथालयात, आणायला सुरुवात करावी.

जेस्टोर या संग्रहातील शोधनिबंध मोठ्या संख्येने उतरवून घेतल्याबद्दल ॲरनवर 13 आरोप ठेवले गेले आणि सुनावणीपूर्वीच, 2013 साली, वयाच्या 26व्या वर्षी त्याने जीवन संपवले, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याआधी 2008 मध्ये त्याने अमेरिकी न्यायालयांची सुमारे 27 लाख कागदपत्रे उतरवली होती. ती सार्वजनिकच होती, फक्त पानामागे 8 सेंट मोजल्याशिवाय हाती लागत नव्हती. चौकशी झाली, गुन्हा दाखल झाला नाही. आपल्याला अनुकरण करायचे ते या कामाचे.

भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून 60 वर्षे स्वामित्वहक्क राहतो; म्हणजे 1960 साली वारलेल्या लेखकाचे लेखन 1 जानेवारी 2021 रोजी मुक्त झाले. प्रस्तावना, चित्रे आणि अनुवाद यांचा हिशेब मात्र वेगळा करावा लागतो. खानापूरच्या एका घरातील पेटीत सापडलेले पुस्तक आम्ही उत्साहाने चढवले आणि महिन्याभराने लक्षात आले की प्रस्तावनाकार लेखकानंतर वीस वर्षे हयात होते. अकरा पाने काढावी लागली. चूक माझीच, मी मुखपृष्ठापलीकडे पाहिले नव्हते.

स्कॅनिंग एका दुपारचे काम आहे. खरा वेळ मुद्रितशोधनात जातो. स्कॅनवरून अक्षरे ओळखणारे यंत्र ‘ख’ला ‘रव’ वाचते, ‘घ’चा ‘ध’ करते आणि रफार गाळते. शिवाय 1962च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या छपाईतील ‘नाहीं’, ‘केलें’ यांवरचे अनुस्वार नवे लोक चूक समजून पुसतात. ते मुळाबरहुकूम ठेवायचे असतात. विकिस्रोतावर एकाने तपासलेल्या पानाची खूण पिवळी होते, दुसऱ्याने पडताळले की हिरवी. आमच्याकडे कन्नड माध्यमात शिकलेली, घरी मराठी बोलणारी एक मुलगी अक्षर न् अक्षर लावून वाचते, त्यामुळे तिला अधिक चुका सापडतात. आम्ही जुने वाचक शब्द अंदाजानेच ओलांडतो.

पहिले पुस्तक साठ-सत्तर पानांचेच निवडावे, मोडीच्या वाटेला जाऊ नये, आणि 11 तारखेपूर्वी मुखपृष्ठाच्या मागचे पान व प्रस्तावनेखालची सही यांचे फोटो मला पाठवावेत.