जिनिंगच्या काट्यावर कापूस क्विंटलमध्ये मोजतात, मग पुस्तकात वजनाचं एकक न्यूटन कसं?

पावतीवरचं क्विंटल हे भौतिकशास्त्राच्या हिशेबानं वस्तुमान आहे, म्हणजे कापसात द्रव्य किती ते. वजन म्हणजे पृथ्वी त्या कापसाला खाली ओढते ते बल, आणि बल न्यूटनमध्ये मोजतात. एक क्विंटल म्हणजे १०० किलोग्रॅम, त्याला गुरुत्व त्वरण (पृथ्वीच्या ओढीनं पडत्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जितका वाढतो ते) ९.८ नं गुणलं की वजन ९८० न्यूटन. तोच कापूस चंद्रावर नेला तरी किलो १००च राहतील, वजन मात्र सहाव्या हिश्शावर येईल.

गंमत अशी की काटा मुळात बलच मोजतो. वेचणीच्या दिवसात बांधावरच्या बाभळीला टांगलेला स्प्रिंगकाटा बघा. गाठोडं अडकवलं की स्प्रिंग ताणली जाते ती त्या ओढीनं. पट्टीवर आकडे तेवढे किलोचे छापलेत. जिनिंगच्या गाडीकाट्याखालचे लोडसेल (भार जाणणारी उपकरणं) हेही बलच मोजतात, किलोचा हिशेब यंत्र आतल्या आत उरकतं. (मापारी काटा मारतो, तो विषय वेगळा.) दोन पारड्यांचा तराजू मात्र चंद्रावरही किलो बरोबर दाखवेल, कारण ओढ दोन्ही पारड्यांत सारखीच कमी होते.

मी गावच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. ‘वजन काढा’ असं गणित आलं की उत्तर न्यूटनमध्येच लिहा, नुसत्या किलोला गुण मिळत नाहीत. फक्त ९.८ हा आकडा सगळीकडे तंतोतंत नसतो: विषुववृत्तावर साधारण ९.७८, ध्रुवावर ९.८३. म्हणजे यवतमाळात जुळवलेला स्प्रिंगकाटा ध्रुवावर क्विंटलमागे अर्धा किलो जास्त दाखवेल.