लहान फर्ममधून मोठ्या फर्ममध्ये जाताना

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा, की बारा जणांच्या फर्ममध्ये सहा वर्षे हिशेब, कर आणि ऑडिट अशी सगळीच कामे केल्यावर आता एका मोठ्या फर्मच्या ऑडिट विभागाकडून बोलावणे आले आहे. पद मात्र सीनियरचे, म्हणजे आजच्या जबाबदारीपेक्षा एक पायरी खालचे आहे. तेव्हा जावे का, आणि गेल्यास पहिल्या वर्षी कशाची तयारी ठेवावी, असे आपण विचारले आहे. मी स्वतः नऊ जणांच्या फर्ममधून असाच गेलो होतो आणि पुढे बरीच वर्षे नव्याने आलेल्यांचे काम तपासत आलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जावे, असे माझे मत आहे. मोठ्या कंपन्यांचे गुंतागुंतीचे हिशेब आपल्याला झेपतील का, ही जी शंका आपल्या लिहिण्यात डोकावते, तिच्यापायी कोणाचे फारसे अडलेले मी पाहिलेले नाही. नवे मानक वाचून कळते, न कळल्यास विचारायला त्या विषयातला माणूस त्याच इमारतीत असतो. अडते ते निराळ्याच ठिकाणी. लहान फर्ममध्ये आपण केलेले काम बरेचसे आपल्या डोक्यात राहते आणि तेवढ्यावर भागते, कारण पार्टनर शेजारच्या खोलीत असतो आणि विचारले तर आपण सांगू शकतो. मोठ्या फर्ममध्ये जे कागदावर नाही ते झालेच नाही, असे धरून चालतात.

माझे पहिले वर्किंग पेपर, म्हणजे काय तपासले याची नोंद ठेवणारे कागद, येणी रकमांचे, म्हणजे ग्राहकांकडून यायच्या पैशांचे होते. मी २५ बिले काढली, माल पोहोचल्याच्या पावत्यांशी ताडून पाहिली, वर्षअखेरीनंतर पैसे जमा झाले का तेही पाहिले. दोन बिलांचे पैसे कमी आले होते. कंपनीच्या हिशेबनिसाला विचारले, तो म्हणाला की थोडा माल परत आला होता. माझे समाधान झाले आणि मी शेवटी लिहिले, ‘तपासले, बरोबर आहे.’ दुसऱ्या दिवशी त्या एका कागदावर सात रिव्ह्यू नोट, म्हणजे काम तपासणाऱ्या वरिष्ठाच्या लेखी शंका, आल्या. हीच २५ बिले का निवडली? कोणत्या यादीतून? त्या यादीची बेरीज खातेवहीशी जुळते का? माल परत आल्याचे कोणी सांगितले, कोणत्या तारखेला, आणि त्याच्या सांगण्याखेरीज पुरावा काय? मला राग आला. मी मॅनेजरबाईंकडे जाऊन सगळे तोंडी समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘हे सगळे पटण्यासारखे आहे. आता हेच लिहून आणा.’

लिहायला बसलो तेव्हा परत आलेल्या मालाची नोंद आणि क्रेडिट नोट (त्या मालाची रक्कम ग्राहकाच्या बिलातून वजा केल्याचा कागद) शेजारी शेजारी ठेवावी लागली, आणि दिसले ते असे, की माल वर्षअखेरीच्या आधी परत आला होता, तर क्रेडिट नोट नव्या वर्षाच्या तारखेची होती. म्हणजे सरलेल्या वर्षाची विक्री तेवढी फुगलेली होती, आणि दोन बिलांत असे झाले असेल तर उरलेल्यांत किती, हा प्रश्न उभा राहिला. ही माहिती मला आदल्या दिवशीही होती. तारखा एका ओळीत लिहीपर्यंत तिचा अर्थ माझ्या लक्षात आला नव्हता. त्यानंतर कागदपत्रांच्या सोपस्काराला मी कधी नावे ठेवली नाहीत.

हा कुणा एका मॅनेजरचा खाक्या नव्हे. आंतरराष्ट्रीय लेखापरीक्षण मानक २३० ची अपेक्षाच अशी आहे, की ज्याचा त्या कामाशी पूर्वी काही संबंध नव्हता अशा अनुभवी लेखापरीक्षकाला फाइल वाचून काय तपासले, काय आढळले आणि निष्कर्ष कशावरून काढला हे समजावे. अहवालाच्या तारखेनंतर साधारणपणे ६० दिवसांच्या आत फाइल लावून बंद करायची असते, आणि एकदा बंद झाली की जतन करण्याची मुदत संपेपर्यंत तिच्यातला कागद काढून टाकता येत नाही. हे मानक लहान फर्मलाही लागू आहेच, फक्त तिथे ते इतक्या काटेकोरपणे विचारणारे कोणी भेटत नाही. मोठ्या फर्म याबाबत हळव्या का असतात, हे समजायला आर्थर अँडरसन या बड्या ऑडिट फर्मचे उदाहरण पुरे. एन्रॉन या बुडालेल्या अमेरिकन कंपनीच्या प्रकरणात कागदपत्रे नष्ट केल्याच्या आरोपावरून २००२ मध्ये ती दोषी ठरली. तो निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये फिरवला, पण तोवर फर्म उरलीच नव्हती आणि पाच मोठ्या फर्मच्या चार झाल्या होत्या.

म्हणून जाण्यापूर्वी जे दोन-तीन महिने हातात आहेत, त्यांत आताच्याच फर्ममधली एखादी आपली जुनी फाइल काढून परक्याच्या नजरेने वाचावी. ‘चर्चा केली’, ‘योग्य वाटले’ असे शब्द जिथे जिथे दिसतील तिथे कोणाशी, केव्हा आणि कशाच्या आधारे, हे आज सांगता येते का ते पाहावे. याहून चांगली पूर्वतयारी मला माहीत नाही.

दुसरी सवय मोडायला मला अधिक वेळ लागला. ज्याने स्वतः हिशेब लिहिले आहेत त्याला पै न पै जुळवल्याशिवाय चैन पडत नाही, आणि ऑडिटमध्ये हाच गुण वेळ खातो. मानक ३२० मध्ये महत्त्वमर्यादा, म्हणजे जिच्यापुढची चूक हिशेब वाचणाऱ्याचा निर्णय बदलू शकते ती रक्कम, ठरवण्याचे उदाहरण म्हणून उत्पादन क्षेत्रातल्या नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेला करपूर्व नफ्याचे ५ टक्के दिले आहेत. प्रत्यक्ष तपासणीसाठी त्याहून खालची मर्यादा लावतात. तिच्याखालचा फरक शोधत दोन दिवस बसलात तर कौतुक होणार नाही, टाइमशीटवर तेवढे तास जास्त लागले म्हणून विचारणा होईल. अर्थात फरक सोडून देणे म्हणजे विसरणे नव्हे: अगदी क्षुल्लक सोडून बाकीचे फरक एका यादीत जमा करायचे असतात, कारण लहान लहान चुकांची बेरीज मोठी होऊ शकते.

शेअर्स आणि म्युच्युअल फंड यांची यादी आत्ताच करून ठेवा, जोडीदाराच्या नावावरचीसुद्धा. ज्यांचे ऑडिट आपण करणार त्या कंपनीत आपली किंवा आपल्या निकटच्या कुटुंबीयांची गुंतवणूक चालत नाही, आणि रुजू होताना हे सगळे लिहून द्यावे लागते. घाईत एखादी जुनी गुंतवणूक राहून गेली तर खुलासे करत बसावे लागते.

पदाविषयी म्हणाल तर पायरी उतरण्याचे वाईट वाटून घेऊ नका, पण ते मुकाट्याने मान्यही करू नका. एक ऑडिट हंगाम पार पडल्यावर पदाचा पुनर्विचार होईल का, हे विचारून उत्तर लेखी घ्यावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणत्या उद्योगांची कामे मिळतील आणि आपले काम कोण तपासणार, हे विचारावे. काम शिकवणारा मॅनेजर मिळणे हे पदनामापेक्षा मोलाचे आहे.

गमवाल तेही सांगतो. मालकाशी समोरासमोर बसून धंद्याची नाडी ओळखणे संपेल. कदाचित तीन महिने एकट्या स्थावर मालमत्तेच्या नोंदींवर जातील. मात्र व्हाउचरपासून ताळेबंदापर्यंतचा सगळा रस्ता आपण चाललेला आहे, आणि ज्यांनी आरंभापासून एकेकच विभाग पाहिला त्यांना तो ठाऊक नसतो. आमच्या चमूत कर्जाचे काम एकाकडे आणि खर्चाचे दुसऱ्याकडे होते, दोघांचेही कागद चोख होते. पण खर्ची पडलेले व्याज वर्षभराच्या कर्जाच्या मानाने फार कमी आहे, हे लहान फर्ममधून आलेल्या एका मुलीने सहज बोलता बोलता दाखवले. काही व्याज बांधकाम चालू असलेल्या मालमत्तेच्या खाती टाकलेले निघाले, आणि बांधकाम पुरे झाल्यानंतरचे, जे खर्चातच जायला हवे होते, तेही त्यात होते.

राहता राहिला आपला शेवटचा प्रश्न, केव्हा जावे हा. ऐन हंगामात रुजू होऊ नका. तेव्हा शिकवायला कोणाला सवड नसते आणि पहिली छाप गोंधळाची पडते. हंगामाच्या दोन महिने आधी गेलात तर प्रशिक्षण मिळते आणि आदल्या वर्षाच्या फाइली वाचायला वेळ मिळतो. आताच्या फर्ममधली अर्धवट कामे नोंदी करून सोपवा, आणि तिथले वर्किंग पेपर नमुन्यादाखलसुद्धा बरोबर नेऊ नका. ते क्लायंटच्या माहितीचे कागद आहेत, आणि नव्या फर्ममध्ये ते कोणाला दाखवलेत तर आपल्याबद्दल काय मत होईल, हे वेगळे सांगायला नको.