पारायण, आवर्तन आणि शिदोरीचा डाव

प्रश्न असा आला आहे: जुन्या धाटणीच्या रोलप्लेइंग व्हिडिओ खेळांविषयी (ज्यांत खेळाडू एका पात्राची भूमिका घेऊन कथा पुढे नेतो) मराठीत लिहिताना 'रिप्ले व्हॅल्यू'ला 'पुनर्खेळ मूल्य' आणि 'न्यू गेम प्लस'ला (खेळ संपवल्यावर कमावलेले बळ घेऊन तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याची सोय) 'नवीन खेळ अधिक' असे लिहिलेले आढळते, ते योग्य आहे का, आणि 'त्या बॉसची (म्हणजे वाट अडवणाऱ्या बड्या शत्रूची) मी चाळीस पारायणे केली' असे जे खेळणारे सर्रास बोलतात, ते चालेल का?

पहिले दोन्ही पर्याय टाकून द्यावेत. तिसरा वापर मी इतक्या वेळा ऐकला आहे की खरे तर त्याच्यासाठीच हे उत्तर लिहायला बसलो आहे. तेव्हा पहिले दोन आधी उरकतो.

'व्हॅल्यू' दिसली की 'मूल्य' लिहायचे, ही सवय आपल्याला फार महाग पडली आहे. संपवल्यावरही जो खेळ पुन्हा खेळावासा वाटतो, त्याची गोडी अवीट असते. ज्याचा वीट येत नाही ते अवीट. गाण्याच्या बाबतीत हा शब्द आपण सहज वापरतो. मग खेळालाच तो का नाकारावा? 'या खेळाची गोडी अवीट आहे' हे मराठी झाले. नामच हवे असेल तर 'अवीटपणा' म्हणावे.

'नवीन खेळ अधिक' ही तर तीन शब्दांची नुसती रांग झाली. इंग्रजीत 'गेम' हा एकच शब्द दोन कामे करतो: बुद्धिबळ हाही गेम आणि काल संध्याकाळी आपण हरलो तोही गेम. मराठीत बुद्धिबळ हा खेळ आहे आणि काल हरलो तो डाव होता. पत्त्यांचा डाव, भातुकलीचा डाव, कसोटी सामन्यातला दुसरा डाव, अर्ध्यावर मोडलेला डाव: इतका स्पष्ट भेद भाषेने हाती दिलेला असताना तो पुसून टाकण्याचे कारण मला दिसत नाही. 'न्यू गेम' निवडणारा खेळाडू त्याच खेळाचा नवा डाव मांडत असतो.

उरला तो 'प्लस'. हे नाव ज्या खेळाने रूढ केले तो 'क्रोनो ट्रिगर', स्क्वेअर कंपनीने १९९५ साली सुपर फॅमिकॉम या खेळयंत्रासाठी काढलेला. जपानी आवृत्तीत या प्रकाराचे नाव 'त्सुयोकुते न्यू गेम' असे आहे. 'त्सुयोई' म्हणजे बलवान, आणि 'त्सुयोकुते' हे त्याचे पुढच्या शब्दाला जोडून घेणारे रूप. म्हणजे अर्थ झाला 'बळ राखून नवा डाव'. इंग्रजीत हे सगळे एका चिन्हात मावले, आणि आपण मूळ नावाकडे न पाहता त्या चिन्हाचे 'अधिक' करून बसलो.

त्या डावात प्रत्यक्ष काय घडते ते पाहिले तर शब्द आपोआप सुचतो. लाव्होस या शेवटच्या शत्रूला हरवून नव्याने सुरुवात केली की पुन्हा तीच सकाळ उजाडते, घंटा वाजते, आई पडदा सारते आणि क्रोनो हा नायक जत्रेला निघतो. मात्र आता त्याची लेव्हल, म्हणजे बळाची पातळी, शेवटाला होती तीच असते, शिकलेली तंत्रे आणि मिळवलेली शस्त्रे शाबूत असतात. पैसे आणि कथेच्या ओघात मिळणाऱ्या खास वस्तू तेवढ्या मागे राहतात. जत्रेतल्या दोन यंत्रांपैकी उजव्या यंत्रावर एक चमकता ठिपका दिसतो, आणि त्यात पाऊल टाकले की खेळाडू थेट लाव्होससमोर उभा राहतो. कथेच्या कोणत्या टप्प्यावर त्याला हरवले यावर शेवट बदलतो, आणि असे दहाहून अधिक शेवट त्या खेळात आहेत. पैसा येत नाही, पण कमावलेले बळ येते, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. प्रवासाला निघताना घरून बांधून घेतो ती शिदोरी, आणि आधीच्या आयुष्यातून पुढच्यासाठी जे गाठीला बांधले तीही शिदोरीच. म्हणून 'न्यू गेम प्लस' म्हणजे 'शिदोरीचा डाव'. 'बढतीचा डाव' असा पर्यायही कानावर आला आहे, परंतु बढती दुसरा कोणीतरी देतो. शिदोरी आपली आपण बांधलेली असते.

आता पारायण. पारायण म्हणजे पुन्हा पुन्हा वाचणे, असे सांगणारे अनेक जाणकार मला भेटले आहेत, आणि ते सगळे चुकतात. 'पार' म्हणजे पलीकडचा काठ आणि 'अयन' म्हणजे जाणे. पैलतीरापर्यंत जाणे ते पारायण. या शब्दात 'पुन्हा' कोठेही नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत, पाचव्या अध्यायात, तो तुरायण आणि चान्द्रायण यांच्या जोडीने येतो. त्यांतला एक यज्ञ आहे, दुसरे व्रत आहे, आणि तिन्ही कर्मे आरंभापासून समाप्तीपर्यंत तडीस न्यायची आहेत. 'तडीस नेणे' यातली तड म्हणजेही काठच. पलीकडे पोहोचलेला तो 'पारंगत', आणि उपवास पूर्ण करून जेवायचे ते 'पारणे', हीसुद्धा त्याच घरातली माणसे. काही जण 'कर्तव्यपरायण'मधल्या 'परायण'शी याची गाठ मारतात. तो शब्द 'पर' अधिक 'अयन' असा आहे, त्यात काठ नाही, आणि एका कान्याचा हा फरक ज्यांना दिसत नाही त्यांनी व्युत्पत्ती सांगू नये.

मग 'पुन्हा'ची छटा आली कोठून? माझे मत असे आहे की ती अनेकवचनातून आली. गुरुचरित्राचे पारायण केले, असे म्हटले की सप्ताह बसून ग्रंथ एकदा संपूर्ण वाचला इतकाच अर्थ होतो. पारायणे केली, असे म्हटले की मगच आवृत्त्यांची मोजणी सुरू होते. हळूहळू अनेकवचनाचा अर्थ एकवचनाच्या अंगाला चिकटला, आणि 'पार' विसरला गेला. ज्ञानेश्वरीचे अठरा अध्याय वाचून पसायदानापर्यंत पोहोचलेला वाचक जेव्हा पहिल्या अध्यायाकडे परततो, तेव्हा ओव्या त्याच असतात, पण वाचणारा पैलतीर पाहून आलेला असतो. शिदोरीचा डाव नेमका असाच आहे: पहिल्यांदा शेवट गाठल्याशिवाय तो उघडतच नाही. म्हणून ते खरे पारायण.

या व्याख्येला कसोटी लावायची तर १९८६ सालच्या 'द लेजंड ऑफ झेल्डा'ची लावावी. त्यात शेवटानंतर दुसरी मोहीम उघडते, तळघरे निराळ्या जागी जातात, अडचणी वाढतात. पण आधीच्या डावातले काहीच बरोबर येत नाही, आणि नाव नोंदवताना 'झेल्डा' असे लिहिले तर शेवट न गाठताही ती मोहीम मिळते. तेथे शिदोरी नाही आणि पैलतीराची अटही नाही. तिला दुसरी फेरी म्हणावे, पारायण म्हणू नये.

'पुनर्जन्म' हा शब्दही कोणी कोणी सुचवतात, परंतु पुनर्जन्मात मागचे विसरणे गृहीत असते. शिदोरीच्या डावात कथेतली माणसे विसरतात आणि खेळाडू विसरत नाही. मागचा जन्म आठवणाऱ्याला आपल्याकडे 'जातिस्मर' असा सुंदर शब्द आहे. यातल्या 'जाति'चा अर्थ जन्म. २०१५ साली आलेल्या टोबी फॉक्स यांच्या 'अंडरटेल'ची सारी ताकद या एका शब्दात सांगता येते. तेथे टोरिएल या मायाळू पात्राला खेळाडूने मारले, पस्तावून जुन्या सेव्हवर, म्हणजे आधी साठवून ठेवलेल्या टप्प्यावर, परतला आणि या वेळी तिला जिवंत सोडले, तरी पुढे फ्लाउई हे फूल त्याला सरळ सांगते की तू काय केलेस ते मला ठाऊक आहे. खेळातले एक पात्रच जातिस्मर निघते, आणि पुन्हा खेळणे ही निरुपद्रवी गोष्ट राहत नाही.

तर त्या बॉसकडे वळू. एकाच लढाईत चाळीस वेळा हरणे म्हणजे पारायण नव्हे, कारण काठ एकदाही गाठलेला नाही. त्यासाठी 'आवर्तन' हा शब्द आहे: फिरून मूळ जागी येणे. तालाचे आवर्तन समेवर येते, कालव्याच्या पाण्याचे आवर्तन ठरल्या मुदतीने येते. अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तने करतात तेव्हा फलश्रुती प्रत्येक वेळी म्हणत नाहीत, ती अखेरच्या आवर्तनानंतर एकदाच म्हणतात. त्या बॉसची चाळीस आवर्तने झाली असे म्हणावे. एकेचाळिसाव्या वेळी तो पडला, कथा शेवटाला गेली आणि श्रेयनामावली सरकू लागली, की त्या खेळाचे एक पारायण झाले.