आर्काइव्ह: अभिलेखागार, विदागार की दप्तर?

प्रश्न असा आहे: 'आमची जनसंघटना वार्तापत्र फक्त ऑनलाइन काढते, छापत नाही. पुढे अभ्यासकांना ते मिळावे म्हणून आम्ही त्याचे आर्काइव्ह करायला घेतले आहे. मराठीत काय म्हणावे? अभिलेखागार, विदागार, संग्रह, की आणखी काही?'

अभिलेखागार शब्द चुकीचा नाही, दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार आहेच. पण आपल्याकडे 'अभिलेख' म्हटले की माणसाला भूमी अभिलेख कार्यालय आठवते आणि पुढे गेलेली मोजणीची तारीख आठवते. राज्य सरकारचे खाते स्वतःला 'पुराभिलेख' म्हणवते. त्यातला 'पुरा' तुमच्या मागच्या मंगळवारच्या अंकाला कसा लावणार? 'विदागार' ऑनलाइन मराठीत दिसतो, पण विदा म्हणजे डेटा, आणि वार्तापत्र हा माणसांनी माणसांसाठी लिहिलेला मजकूर. शिवाय आगार म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे एस.टी. उभी राहते, हा दोष माझा समजा.

माझे मत 'दप्तर'ला. शब्द फारसीतून आला. त्याच्याही मागे ग्रीक 'डिफ्थेरा' आहे, म्हणजे कातडे, ज्यावर लिहीत ते. (घटसर्पाचे डिप्थेरिया हे नाव त्याच कातड्यावरून. घशात तसा पापुद्रा धरतो म्हणून.) मराठीत आल्यावर हे दप्तर पोरांच्या पाठीवर बसले, तलाठ्याच्या कपाटात गेले, आणि पुण्यात पेशवे दप्तर झाले. तिथले मोडी कागद कापडी रुमालांत बांधलेले, त्यामुळे कागद मोजायचे तेही रुमालांत. रियासतकार सरदेसाईंनी त्यांतले निवडक कागद ४५ खंडांत छापले. अभ्यासकाने येऊन उलगडावेत असे कागद, हा अर्थ 'दप्तर'मध्ये आधीच मुरलेला आहे, नव्याने शिकवावा लागत नाही.

त्यात एक खोट मात्र आहे. अर्ज 'दप्तरी दाखल' झाला म्हणजे त्याचे पुढे काही होणार नाही, हे सगळ्यांना कळते. 'प्रस्ताव बासनात गुंडाळला' तसेच. बासन म्हणजे पोथी किंवा कागद बांधायचे फडके. एकदा बांधून ठेवले की विसरले तरी चालते, असे या वाक्प्रचारांना वाटते, आणि कागदाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरेही होते. वाळवी आणि पावसातून जे वाचले, ते इतिहास-संशोधक वि. का. राजवाड्यांसारख्यांना दोनशे वर्षांनीही लोकांच्या वाड्यांत सापडले, कुणी मुद्दाम सांभाळलेले नसताना. वेबपानाला ही मुभा नाही. डोमेनचे पैसे भरायला विसरलात की पान गेले. माळ्यावर शोधायलाही काही उरत नाही.

म्हणून ठेव्याला दप्तर म्हणा, पण क्रियेला 'जतन'. जतन हा संस्कृत 'यत्न'चाच तद्भव. हिंदीत तो अजून प्रयत्न या अर्थाने चालतो, मराठी आणि गुजरातीत 'सांभाळणे'कडे वळला. यत्न केल्याशिवाय जतन होत नाही, हे शब्दातच आहे.

एका संघटनेच्या जुन्या संकेतस्थळाची सीडी मैत्रिणीने मला वाचायला दिली होती. सगळी पाने जागच्या जागी, फोटोही होते. मजकुराच्या जागी मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी, मधूनच एखादे प्रश्नचिन्ह. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर अक्षरे सारखी दिसावीत अशी समान पद्धत, येण्याआधीचा फॉन्ट. वर सूचना होती, 'मराठी दिसत नसल्यास फॉन्ट उतरवून घ्या', आणि तो फॉन्ट ज्या दुव्यावर होता तो दुवा कधीच मेलेला. याला 'संग्रह' नक्की म्हणता येईल, जतन नाही.

दुसरी गल्लत अशी की संकेतस्थळांवर 'आर्काइव्ह' या बटणामागे बहुधा नुसते मागचे अंक असतात. त्याला सरळ 'मागील अंक' म्हणा. तेच संकेतस्थळ बंद पडले तर ते अंकही जाणार. जतन तेव्हा, जेव्हा प्रत दुसऱ्या कुणाच्या तरी हाती असते. छापील पुस्तकाला हे कायद्याने मिळते: १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना, त्यांत एक मुंबईतले, प्रती द्यायच्या. हा कायदा छापील मजकुरापुरता. ब्रिटनने २०१३पासून वेबपानेही अशा तरतुदीत आणली. आपल्याकडे चित्रकूटहून २००२ साली बुंदेलीत छापील निघालेले, गावातल्या बायकांनी चालवलेले 'खबर लहरिया' हे वृत्तपत्र पुढे डिजिटल झाले, बातम्या व्हिडिओंतून देऊ लागले. त्याच्या छापील अंकाची एखादी प्रत रद्दीतही सापडू शकते, व्हिडिओची कुठे सापडणार? इंटरनेट आर्काइव्हचे वेबॅक मशीन २००१पासून सर्वांना खुले आहे, तिथे पानाचा पत्ता देऊन प्रत करून ठेवता येते. पण तुमचे निम्मे अंक व्हॉट्सॲपवर फिरणारे पीडीएफ असतील तर तिथवर ते मशीन पोचत नाही. ते तुम्हालाच नेऊन द्यावे लागतील.

तर मेनूत 'मागील अंक', ठेव्याला 'वार्तापत्र दप्तर', प्रत्येक प्रतीखाली 'जतन केल्याची तारीख'. व्याकरणात 'अंकांचे जतन केले' आणि 'अंक जतन केले' दोन्ही चालते, 'अंकांना जतन केले' तेवढे नको, ती हिंदीची सावली.

आणि प्रश्नासोबत पाठवलेल्या परिचयात तुम्ही स्वतःला 'तळागाळातील संघटना' म्हटले आहे, ते काढा. गाळ म्हणजे विहीर उपसताना बाहेर टाकतात तो. 'जनसंघटना' हा तुमचाच शब्द त्याहून चांगला आहे.