उन्हाळ्यात परसातल्या कोंबड्यांना उष्माघातापासून कसे वाचवावे?

कोल्हापुरात एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याचे खुराडे दुपारी अक्षरशः भाजते, म्हणून आधी पत्र्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर अंथरून त्यावर पाणी मारावे. पाचट चटकन पेट घेते, म्हणून चूल मात्र लांब ठेवावी. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसल्याने ती चोच उघडून, धापा टाकून आणि पंख अंगापासून दूर धरून उष्णता बाहेर टाकते. त्यामुळे खुराड्यात वारा खेळता हवा आणि सावलीतले पाणी वरचेवर बदलायला हवे. वळवाच्या सरीनंतरच्या दमट हवेत धापा टाकूनही अंग निवत नाही, तेव्हा अधिक जपावे. पचनानेही उष्णता वाढते. दाणे पहाटे आणि ऊन कलल्यावर द्यावेत. मान टाकलेल्या कोंबडीला बर्फाच्या पाण्यात कृपया बुडवू नये. सावलीत नेऊन तिचे पाय आणि तुरा साध्या पाण्याने भिजवावेत.