तळ आधी, मग घर : जुन्या डच बोटींविषयी वाचकांचे प्रश्न

नेदरलँड्सच्या कालव्यांवरची जुनी मालवाहू बोट घेऊन तिथे संसार थाटू पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : 25 मीटर लांबीची लुक्समोटर (इंजिनावर चालणारी जुनी डच मालवाहू बोट) बघितली. लोखंडावर 1948 कोरलं आहे, म्हणजे ती तेव्हाची का? आतलं लाकूडकाम अगदी नवं आहे. घ्यावी का? (उट्रेख्ट)

कोरलेलं वर्ष बांधणीचं समजू नका. जहाजाची कादास्टरमध्ये, म्हणजे सरकारी नोंदणी कार्यालयात, नोंद होते तेव्हा क्रमांक, ‘बी’ हे अक्षर, नोंदणीच्या गावाचं संक्षिप्त नाव आणि नोंदणीचं वर्ष कोरतात. लुक्समोटर मुख्यतः 1920 आणि 1930 च्या दशकांतल्या, त्यामुळे तुमची बोट वीसेक वर्षांनी जुनी असू शकते. याने बिघडत काही नाही, पण त्या काळची बोट म्हणजे रिव्हेट मारलेला तळ, हे गृहीत धरून चला.

नव्या लाकूडकामाला भुलू नका, तेच तपासणीला आड येतं. सुक्या गोदीत तळाची तपासणी समाधानकारक झाली तरच व्यवहार पुरा होईल, अशी अट करारात घाला. तळ धुतल्यावर हातोडीने ठोकून आणि अल्ट्रासोनिक यंत्राने जाडी मोजून घ्या. मूळ पत्रा बहुधा 5 ते 7 मिमी असतो आणि विमा कंपन्या साधारणपणे किमान 4 मिमी धरतात. अहवालातली सरासरी उपयोगाची नाही. सगळ्यात कमी आकडा कुठे आला ते विचारा. पाण्याच्या रेषेचा पट्टा, तळ आणि बाजू मिळतात ते वळण, इंजिनखालची जागा आणि न्हाणीघराखालचा पत्रा इथे जास्त मोजमापं हवीत. चांगला पत्रा हातोडीखाली टणटणीत वाजतो. भद्द आवाज आला की तिथे खूण करून पुन्हा मोजायचं.

पत्रा झिजला असेल तर वरून दुसरा वेल्ड करतात. 5 मिमीचा पत्रा चौरस मीटरला सुमारे 39 किलो भरतो. 60 चौरस मीटर झाकले तर बोटीवर सव्वादोन टनांहून जास्त वजन चढतं आणि दोन थरांमधल्या पोकळीत काय चाललंय ते पुढे दिसत नाही. शक्य तिथे जुना भाग कापून नवा घालावा. दुहेरी केलेल्यावर तिसरा थर मात्र कधीच नको.

आणि बोट घेतली म्हणून ती बांधायची जागा मिळाली असं होत नाही. लिखप्लाट्स, म्हणजे त्या जागेचा परवाना, तुमच्या नावावर होतो का, हे पालिकेकडून लेखी घ्या.

प्रश्न : दोन हिवाळे झाले, निजायच्या खोलीतल्या लाकडी भिंतींवर तपकिरी उभे पट्टे आलेत, साधारण अर्ध्या मीटरवर एक. बोट गळते आहे का? (लायडन)

पट्टे समान अंतरावर आहेत, त्यातच उत्तर आहे. भिंतीमागे लोखंडी फासळ्या त्याच अंतराने उभ्या आहेत. गळती अशी मोजून मापून येत नाही. हे घरातलंच पाणी आहे. खोलीत 20 अंश तापमान आणि 60 टक्के आर्द्रता असली की 12 अंशांच्या किंवा त्याहून थंड पृष्ठभागावर दव धरतं. हिवाळ्यात कालव्याचं पाणी 4-5 अंशांवर उतरतं आणि पाण्याखालचा पत्रा जवळजवळ तेवढाच थंड असतो. चार माणसांच्या श्वासातून, स्वयंपाकातून, वाळत घातलेल्या कपड्यांतून दिवसाला कित्येक लिटर वाफ हवेत जाते. ती फटीतून आत शिरून लोखंडावर बसते.

बोट बाहेरून रंगवतात, नियमाने गोदीत नेतात. आतून मात्र ती वर्षानुवर्षं कोणी बघत नाही, आणि घर झालेल्या बोटी बहुधा आतूनच खाल्ल्या जातात.

आधी एका पट्ट्यावरची फळी काढा. मागे थंडी रोखायला भरलेली खनिज लोकर असेल तर खालचा हातभर भाग दाबून बघा. ती ओली होऊन खाली बसलेली आणि पत्र्याला ओल्या फडक्यासारखी चिकटलेली सापडेल. ती काढून टाका. गंज चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा आणि एपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्या. वेल्डिंगचं काम निघालं तर ते याच टप्प्यावर, प्रायमरच्या आधी उरका. फोम मारल्यावर त्या पत्र्यावर वेल्डिंग केलं तर मागे फोम पेटतो आणि धूर फार विषारी असतो. मग बंद पेशींचा, म्हणजे वाफ आत न शिरू देणारा, पॉलियुरेथेन फोम 5 सेमी जाडीने, थरांथरांत फवारून घ्या. फासळ्याही पूर्ण झाका, नाहीतर पट्टे परत येतील. फोम उघडा ठेवू नका, त्यावर आग रोखणारा बोर्ड लावा.

फोम खोलीच्या फरशीच्या पातळीवर थांबवा. फरशीखालचा तळ रंगवलेला पण मोकळा असावा, आणि प्रत्येक खोलीत निदान एक झाकण असं हवं की हात घालून पत्रा चाचपता येईल. स्वयंपाकघर आणि न्हाणीघरातून हवा बाहेर खेचणारा पंखा लावा.

प्रश्न : मालाचा कोठा अंधारा आहे. डेनमध्ये मोठ्या चौकोनी खिडक्या कापल्या तर? (खौदा)

डेन म्हणजे कोठ्याच्या तोंडाभोवतीची पोलादी भिंत, ती नुसता आडोसा नाही. वरून उघड्या असलेल्या या लांब पेटीला वाकण्यापासून तीच बरीचशी सावरते. कापायचंच तर वरची आणि खालची कड अखंड ठेवा, दोन खिडक्यांमध्ये भरपूर पत्रा राहू द्या, कोपरे गोल घ्या आणि भोवती पोलादी चौकट वेल्ड करा. चौकोनी कोपऱ्यातून तडा जातो. आडव्या तुळया काढू नका, काढल्या तर बाजू बाहेर फाकतात. हे काम जहाजाचं गणित येणाऱ्याकडून तपासून घेतल्याशिवाय ग्राइंडर हातात घेऊ नये. कोठ्याच्या वरच्या झाकणांमध्ये काचेचे झरोके केले तर उजेड वरून येतो आणि डेनला हात लागत नाही, आम्ही तेच सुचवू. मुलं पुढच्या टोकाला झोपणार असतील तर तिथून वर निघायला दुसरी वाट हवीच.

प्रश्न : रिकामी बोट फार वर तरंगते आणि पुलाखालून जात नाही. वजन वाढवायला तळात काँक्रीट ओतावं का? (हार्लेम)

ओतू नका. काँक्रीट आणि पत्रा यांच्यामध्ये ओल अडकते, आणि तो पत्रा पुन्हा बघायचा तर काँक्रीट फोडावं लागतं. पदपथाच्या 30 बाय 30 बाय 4.5 सेमीच्या फरश्या घ्या. एक सुमारे 9 किलोची, एका माणसाला उचलता येते. बोटीचं पाण्याच्या पातळीवरचं क्षेत्रफळ 100 चौरस मीटर असेल तर 1 सेमी खाली जायला 1 टन लागतो. 10 सेमीला 10 टन, म्हणजे अंदाजे 1,100 फरश्या. 12 बाय 4 मीटरच्या कोठ्यात त्यांचे दोन थर होतात. खाली पट्ट्या घाला, म्हणजे पाणी वाहून बिल्ज पंपापर्यंत (तळात साचलेलं पाणी उपसणारा पंप) पोचेल. आधी भिंती, टाक्या आणि सामान चढवा आणि मग उरलेलं वजन भरा, नाहीतर निम्म्या फरश्या परत वर न्याव्या लागतील.

प्रश्न : तळाला झिंकचे ठोकळे लावले, तरी दोन वर्षांत खड्डे पडले. (झ्वोले)

हे ठोकळे तळाच्या लोखंडाऐवजी स्वतः झिजावेत म्हणून लावतात. गोड्या पाण्यात झिंकवर थर धरतो आणि ते निकामी होतं, तिथे मॅग्नेशियम लागतं. आणि किनाऱ्यावरून वीज घेत असाल तर अर्थिंगच्या तारेतून शेजारच्या बोटींशी तुमचा तळ जोडला जातो आणि त्यामुळेही तो झिजू शकतो. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवल्याने ती वाट तुटते. बदलायच्या आधी जुने ठोकळे बघा. दोन वर्षांनीही ते जसेच्या तसे असतील तर ते कामच करत नव्हते.