तुम्ही विचारलंत: नवरा ऑफिसात, मित्रांत हसतो-बोलतो आणि घरी आला की गप्प. खरा कोणता?

दोन्ही खरे. हाच प्रश्न माझ्या नणंदेनं मला भर घरात विचारला होता, म्हणून लिहितेय.

मी बँकेत काउंटरवर. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यांचा महिना. वन्सं पासबुक भरायला आल्या होत्या, रांगेत उभ्या. माझ्यासमोर एक आजोबा. बोटांच्या रेषा पार झिजलेल्या, मशीन अंगठा घेईना. मी ओल्या रुमालानं अंगठा पुसला, पुन्हा टेकवला, मग दुसरं बोट, आणि तोंडानं सारखं "असू दे आजोबा, होतं असं." शेवटी मधल्या बोटावर निभावलं. संध्याकाळी वन्सं सासूबाईंसमोर म्हणाल्या, "बँकेत काय मधाळ बोलते! इथे आली की तोंडाला कुलूप. खरी कुठली गं?"

मधाळ बोलायचा मला पगार मिळतो, वन्सं. दिवसभर ते केल्यावर बोलायची इच्छाच मरते. आणि घर म्हणजे तेव्हा नायगावच्या बीडीडी चाळीतली 160 चौरस फुटांची खोली. दार रात्री झोपेपर्यंत उघडं. जरा लोटलं, की "बरं नाही का हो?" विचारायला शेजारीण हजर.

बी.ए.ला समाजशास्त्रात गॉफमन नावाचा अभ्यासक होता. लेखक ऑर्वेलनं पॅरिसच्या हॉटेलात पाहिलेलं तो सांगतो, की वाढपी स्वयंपाकघरातून जेवणाच्या खोलीत शिरताना चेहरा बदलतात. पडद्यामागची जागा प्रत्येकाला लागते, हे त्याचं म्हणणं. त्याला आमची चाळ दाखवायला हवी होती. पडद्यामागे जायचं तर गप्प बसणं, एवढाच मार्ग होता.

"मी सगळीकडे सारखाच" म्हणणाऱ्यांचा तर मला राग येतो. असले लोक बायकोलाही शिपायासारखं हाक मारतात.

तुमचा नवरा काम काय करतो ते तुम्ही लिहिलं नाहीत. दिवसभर लोकांशी बोलायचं काम असेल तर आल्यावर अर्धा तास सोडा त्याला. अर्धा तासच हं. रोज झोपेपर्यंत मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसत असेल तर तो थकवा नव्हे, माज. आणि बाहेर नम्र, घरात हात उचलणारा असेल तर वरचं काहीच लागू नाही, सरळ 181 या महिला हेल्पलाइनला फोन करा.

परवा वन्संचा फोन आला होता. त्यांची सून कॉल सेंटरला लागलीय, घरी आल्यावर कुणाशी बोलतच नाही म्हणे. काही बिनसलंय का तिचं? म्हटलं, चहा द्या आणि काही विचारू नका.